आडवा हापसा

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "बाई, तुम्ही तोटी नीट बंद करता ना?"

मी हो म्हणाले. त्यांनी कुलूप काढलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि सायकलवर टांग मारून कामाला निघून गेले.

त्याआधी त्या गावात मी तीन घरं फिरले होते. तिन्ही ठिकाणी पाण्याआधी आडनाव विचारलं गेलं, आणि आडनाव सांगितल्यावर त्या खोलीत कुणाचा तरी मेव्हणा राहायला येणार असल्याचं निघालं. मी बेंबळीकडची. वडील शेतमजूर, घरातल्या भिंतीवर बुद्धाचा फोटो, आणि पगार घेणारी घरातली पहिली मीच. असल्या मेव्हण्यांची मला सवय होती. तरी हातात ट्रंक असली की ती सवय जड होते. या माणसाला मात्र माझ्याबद्दल फक्त तोटीपुरतंच जाणून घ्यायचं होतं. पुढं मी त्यांच्याकडं तीन वर्षं राहिले, पण आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही. पोस्टमनकडून कळलंच असेल.

गावाचं नाव लिहीत नाही. माकणीकडच्या धरणाच्या काठाला ते आहे, एवढं पुरे. गावात त्यांना सगळे हापसेवाले म्हणत. मी काका म्हणायचे. पंचायत समितीच्या हातपंपांचे ते मेकॅनिक. बहात्तरच्या दुष्काळात बोअर पाडणाऱ्या गाडीबरोबर मजूर म्हणून फिरले, आणि गाडी निघून गेली तरी हे मागं राहिले, कारण पाडलेल्या बोअरांवरचे हापसे कुणीतरी चालू ठेवायला हवे होते. अंगानं काटकुळे, उंच. खाकी अर्धी चड्डी आणि वर पांढरा सदरा. उजवा कान कायम ग्रीसनं काळा, कारण हापशाला हात लावण्याआधी ते त्याच्या पाईपाला कान लावायचे. लोक सांगायला लागले की पाणी कधीपासून येत नाही, किती हापसावं लागतं, तर हात वर करून त्यांना गप्प करायचे. पंचवीस-तीस लोक घागरी घेऊन उभे आणि हा माणूस लोखंडाला कान लावून डोळे मिटून बसलेला, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांना गळती सोसायची नाही. सोसायची नाही म्हणजे अंगावर काटा यायचा. कुठं थेंब पडण्याचा आवाज आला की बोलणं तोडून उठायचे. एकदा गावातल्या लग्नात जेवणाची पंगत बसली होती, पानं वाढून झाली होती. मांडवाबाहेर पाण्याचं पिंप होतं, त्याची तोटी ठिबकत होती. काका भरल्या पानावरून उठले, चड्डीच्या खिशातून सुतळी काढली, तोटीच्या आट्यांना वेढे देऊन आले. तोवर त्यांच्या पानावर दुसरा पाहुणा बसला होता. ते शेवटच्या पंगतीला जेवले आणि तेवढ्यानं त्यांचा दिवस चांगला गेला.

माझं शाईचं पेन गळायचं. हजेरीपटावर डाग पडायचे. एका संध्याकाळी मी ओट्यावर हजेरी पूर्ण करत बसले होते, तर त्यांनी पेन मागून घेतलं, उघडलं, आट्यांना मेणाचा एक पातळ थर लावून परत दिलं. नंतर ते पेन सात वर्षं गळलं नाही.

आणि माठ. त्यांच्या घरात माठ नव्हता. माठ पाझरतो. पाझरतो म्हणूनच पाणी गार राहतं, हे काकूंनी त्यांना लग्नापासून समजावलं होतं, पण ते म्हणायचे, "पाझरून गार व्हत असंल तर गरम पिऊ." म्हणून मे महिन्यात, दगड तापलेला असायचा तेव्हासुद्धा, त्या घरात तांब्याच्या हंड्यातलं कोमट पाणी प्यायचं. काकूंनी एक माठ शेजारणीकडं ठेवला होता. मला त्यांनी तिसऱ्या दिवशी विश्वासात घेतलं. दुपारी काका कामावर गेले की आम्ही दोघी शेजारी जाऊन गार पाणी पिऊन यायचो. मला वाटतं, काकांना ते माहीत होतं.

त्यांची आणखी एक गोष्ट काकूंनीच मला सांगितली. एका गावी त्यांनी नवीन हापसा बसवला. आठवड्यानं तपासायला गेले तर काही बाया घागरी घेऊन लांब बसलेल्या. त्यांना हात लावू देत नव्हते, कुणी वाढलं तर पाणी घ्यायचं. काका कुणाशी भांडले नाहीत. पान्हा काढला, हापशाचा दांडा सोडवला आणि खांद्यावर टाकून चालायला लागले. गावचे कारभारी मागं धावले. तेव्हा ते म्हणाले, "ज्या हापशावर निम्मं गाव येत न्हाय, तो हापसा निम्मा नादुरुस्त है. नादुरुस्त हापशाचा दांडा जमा करायचा असा नियम है." असा नियम कुठंच नव्हता. दांडा चार दिवस काकूंच्या चुलीमागं उभा होता. पाचव्या दिवशी त्या गावची माणसं आली आणि सगळ्यांना पाणी काढू देऊ म्हणून सांगून गेली. काकांनी जाऊन दांडा बसवला आणि पुढं दर बाजारच्या दिवशी न सांगता तिथून चक्कर मारायचे. मी काकूंना विचारलं, की काका हे कुणाला सांगत का नाहीत. त्या म्हणाल्या, "त्यांना त्यात सांगण्याजोगं काय वाटतच न्हाय."

एवढ्या पाणीवेड्या माणसानं धरण मात्र पाहिलं नव्हतं. घरापासून अर्ध्या कोसावर ते भरलं, सगळं गाव बघायला गेलं, हे गेले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "एवढं पाणी उघड्यावर ठिवलंय, वरून सगळं उडून चाललंय. काय बघायचं त्यात?" खरं कारण काकूंनी सांगितलं. त्यांना पोहता येत नव्हतं आणि उघड्या पाण्याची त्यांना भीती वाटायची. जमिनीखालच्या पाण्याशी त्यांची ओळख होती. जमिनीवरच्या पाण्याशी नव्हती.

माझी शाळा त्या पाण्यापलीकडं होती. धरणात पाणी अडल्यावर एक वस्ती तिकडं तुटली. साठ-सत्तर उंबरे, चौथीपर्यंत शाळा, शिक्षिका मी एकटी. वळसा घालून जायचं तर एक एसटी, मग फाट्यावरून दुसरी, ती आली तर, आणि पुढं दीड तास चालायचं. म्हणून मच्छीमार सोसायटीनं कुठल्यातरी बंदरावर निकाली काढलेली एक लहान लाँच आणली. ट्रकवर बसून ती सोलापूरवरून आली तेव्हा आमच्या भागातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा होडी पाहिली. सकाळी ती मासे घेऊन जायची, मग वस्तीवरचं दूध आणि माणसं. त्यात मी. लाँच चालवायला हुसेनभाई होते. ते मूळचे ट्रॅक्टर ड्रायव्हर. सोसायटीनं त्यांना समुद्रावर पंधरा दिवस शिकायला पाठवलं होतं.

लाँचचं स्टेअरिंग तेलावर चालायचं. चाकामागं एक छोटा पंप होता. चाक फिरवलं की तो तेल ढकलायचा. तेल तांब्याच्या नळ्यांतून पार मागं जायचं, तिथं एका नळकांड्यातला रॉड पुढंमागं सरकवायचं, आणि तो रॉड सुकाणू वळवायचा. मागच्या फळीखाली ते नळकांडं होतं आणि तिथून तेल गळायचं. हुसेनभाई रोज सकाळी वरून तेल भरायचे आणि रोज संध्याकाळी तळाशी साचलेल्या पाण्यावर तेलाचे रंग तरंगायचे. सगळ्यांना ते माहीत होतं. मलाही.

एका दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही अकरा माणसं परत येत होतो. मध्यावर वारं सुटलं. हुसेनभाईंनी चाक वळवलं आणि ते नुसतंच फिरायला लागलं. तेल संपलं होतं. लाँच नाक न वळवता सरळ बाभळींकडं निघाली. धरणाच्या त्या कोपऱ्यात बुडालेलं बाभळीचं रान होतं. काही झाडांचे शेंडे वर दिसायचे, बाकीची पाण्याखाली. हुसेनभाईंनी इंजिन बंद केलं, पण वाऱ्यानं आम्हाला त्यात लोटलंच. खालून फळी कडकड वाजली. एका म्हातारीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. पुरुषांनी फांद्या धरून, हातानं ढकलत, लाँच बाहेर काढली. काठाला लागायला दोन तास लागले. कुणाला इजा झाली नाही, फक्त दोन दुधाच्या किटल्या गेल्या आणि माझ्या मुलांच्या वह्या भिजल्या. पण दुसऱ्या दिवसापासून लाँच बंद.

शहरातून एक मेकॅनिक आणला. त्यानं नळकांड्याच्या तोंडाचं रबरी सील बदललं. चार दिवसांत पुन्हा गळायला लागलं. पुन्हा आला, पुन्हा सील बदललं, पुन्हा तेच. सोसायटीचे चेअरमन भले गृहस्थ होते, पण ते म्हणाले की आता अकरा माणसांचा जीव मी अंगावर घेणार नाही, लाँच भंगारात देऊन टाकू. मी वळशानं जायला लागले. शाळेत पोचायला बारा वाजायचे, तोवर मुलं कंटाळून पांगलेली. वरून साहेब म्हणाले की असंच चालणार असेल तर शाळा बंद करून मुलं दुसऱ्या गावाला जोडू. माझ्या चौथीत पाच मुली होत्या. दुसऱ्या गावाला त्यांतली एकही जाणार नव्हती, हे साहेबांना माहीत होतं आणि मलाही.

हे सगळं मी एका संध्याकाळी काकूंपाशी बोलत होते. काका शेजारी बसून भाकरी खात होते. ते एकदम म्हणाले, "उभी असताना गळतं का वळवताना?"

मी म्हणाले, मला माहीत नाही.

"मग उद्या बघून या."

मी बी.ए. झालेली, डी.एड. झालेली बाई. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी काठाला बांधलेल्या लाँचमध्ये मागच्या फळीवर पालथी पडून, मनगटावरचं घड्याळ समोर धरून थेंब मोजत होते. हुसेनभाई चाक फिरवत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "बाई, ये साळंत शिकिवते क्या?" संध्याकाळी मी काकांना हिशेब दिला. उभी असताना एकही नाही. उजवीकडं वळवलं तर नाही. डावीकडं वळवलं की तीन थेंब, मग बंद.

काकांनी भाकरी खाली ठेवली. म्हणाले, "म्हणजे रॉड भाईर येताना तेल घिऊन येतोय. आता कापूस न्या. तुमच्या शाळेच्या औषधपेटीतला. रॉड भाईर आला की त्याच्यावरून हळू फिरवा, दाबू नका. कुठं तंतू अडकतात ते बघा."

कापूस तीन ठिकाणी अडकला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोट फिरवलं तर गुळगुळीत. पण कापसाचे पांढरे तंतू तिन्ही वेळा त्याच जागी धरून राहिले. मी धावतच घरी आले. ते ऐकून काकांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांना गावाकडची खुशाली सांगितली असावी.

"आडवा हापसा है तो," ते म्हणाले. "वायसर बदलून काय व्हणार? सळईच चावतीय त्याला."

चेअरमननी नळकांडं सोडवून बैलगाडीतून घरी पाठवलं. म्हणजे काकांना लाँचजवळ जावं लागलं नाही. पाच संध्याकाळी ते ओट्यावर त्या रॉडला घासत बसले. आधी पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग नुसती चुलीतली चाळलेली राख तेलात कालवून कापडानं. अधूनमधून कापूस फिरवायचे. दोन ठिकाणचे ओरखडे गेले. तिसरा उथळ झाला पण गेला नाही. तेव्हा त्यांनी माळ्यावरून एक डबा काढला. त्यात एरंडेल तेलात बुडवून ठेवलेला म्हशीच्या कातड्याचा तुकडा होता. किती वर्षं तो तिथं होता, काकूंनाही सांगता आलं नाही. काका म्हणाले की रबर ओरखड्यावर फाटतं, कातडं ओरखडा भरून घेतं. जुन्या हापशांचे सगळे वायसर, म्हणजे वॉशर, कातड्याचे असायचे, आणि या चाकाला काही दोनशे फुटांवरून पाणी ओढायचं नाही. त्यांनी कातड्याचे दोन वायसर कापले, आणि रॉडच्या उघड्या भागावर गाळाचे कण बसू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबची एक पिशवी चढवली. ते ओरखडे गाळामुळंच पडले होते.

आता ते लाँचमध्ये बसवायचं होतं आणि नळ्यांमधली हवा काढायची होती. काकांनी मला ते तोंडी शिकवायचा प्रयत्न केला. हवा राहिली तर चाक स्पंजासारखं लागतं, असं करा, तसं करा. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, हे मला जमणार नाही. तुम्हाला यावं लागेल."

 दुसऱ्या दिवशी सकाळी काका उठले, सदरा घातला आणि माझ्याबरोबर चालायला लागले. धरणाच्या काठावर पाणी दिसलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली, ती लाँचमध्ये चढेपर्यंत वर केली नाही. लाँचमध्ये पाण्याकडं पाठ करून नळकांड्यासमोर बसले. हुसेनभाई चाकावर, मी तेलाचा डबा घेऊन चाकाजवळ, वरची पातळी खाली जाऊ द्यायची नाही एवढंच माझं काम. काकांनी मागचा छोटा नळ सैल केला, त्याला नळी लावून तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलं. हुसेनभाई चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे आणि बाटलीत बुडबुडे यायचे. दुपार झाली तरी बुडबुडे येतच होते. काका पाईपाला कान लावून बसले होते. शेवटी म्हणाले, "गेली."

हुसेनभाईंनी चाकाला हात लावला. एक बोटभर फिरवलं. मागं सुकाणू एक बोटभर हललं.

मला वाटलं, झालं. चेअरमनना वाटलं, झालं. वस्तीवर निरोपही गेला. पण काकांनी माझ्याकडून शाळेतला गुलाबी टीपकागद मागून घेतला, नळकांड्याखाली पसरला आणि सांगितलं की तीन दिवस हा कोरडा राहिला पाहिजे. रोज चाक शंभर वेळा फिरवायचं, पण लाँच सोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी कागदावर एक डाग होता. मोहरीएवढा.

काकांनी सगळं पुन्हा सोडवलं. चेअरमन आले, वस्तीवरची दोन माणसं आली, सगळ्यांनी समजावलं की एवढं तेल तर नव्या गाडीचंही गळतं. काका ऐकत होते आणि नट सोडत होते. शेवटी मी चिडले. तीन आठवडे मी पायपीट करत होते, आणि त्या सोमवारी शाळेची तपासणी होती. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, "काका, एका थेंबानं काय होतंय? तुमच्या हट्टापायी माझी शाळा जाईल."

त्यांनी पान्हा खाली ठेवला. बाकीची माणसं निघून गेली. मग, माझ्याकडं न बघता, बोलले. बहात्तर साली एका गावी ते हापसा तपासायला गेले होते. खालचा व्हॉल्व्ह थोडा गळत होता. पाणी यायचं, पण रात्रभरात पाईप रिकामा व्हायचा आणि सकाळी खूप वेळ हापसावं लागायचं. यांच्याकडं सामान होतं. पण त्या दिवशी थकले होते, आणखी दोन गावं करायची होती. त्यांनी गावाला सांगितलं, पुढल्या आठवड्यात येऊन करतो, एवढ्यानं काही होत नाही. पुढल्या आठवड्यात गाडी दुसरीकडं गेली. तीन आठवड्यांनी ते पोचले.

"गाव उठून गेलतं, बाई," ते म्हणाले. "दारं लावलेली. एक कुत्रं व्हतं. म्या हापसलं. लई वेळ हापसलं, मग पाणी आलं. प्यायला कुणी नव्हतं."

ती माणसं कुठं गेली, मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. कुणी सोलापूरला गिरणीत गेलं म्हणे, कुणी पुण्याकडं. काही परत आली, काही नाही. त्यांनी पुन्हा पान्हा उचलला. मी तेलाचा डबा घेऊन चाकाजवळ जाऊन बसले.

तो डाग कुठून आला, ते शेवटपर्यंत सापडलं नाही. वायसर चांगले होते, जोड घट्ट होते. काकांनी सगळं धुऊन, पुसून, पुन्हा बसवलं, पुन्हा हवा काढली, पुन्हा टीपकागद ठेवला. सोमवार येऊन गेला. मी वळशानं गेले, उशिरा पोचले, साहेबांनी शेरा मारला. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी कागद कोरडा होता. शुक्रवारी संध्याकाळी काका म्हणाले, "सोडा." मला मात्र माहीत होतं की त्या मोहरीएवढ्या डागाचा विचार ते अजून करत आहेत. पुढं दोन वर्षांनीसुद्धा जेवता जेवता मध्येच म्हणाले होते, "बाई, त्यो थेंब वरून पडला असंल का?"

लाँच पुढं चार वर्षं चालली. मग पलीकडं रस्ता झाला आणि ती उभी राहिली. शाळा बंद झाली नाही. त्या पाच मुलींतल्या तिघी पुढं सातवीपर्यंत शिकल्या आणि एक त्याही पुढं शिकून आज तुळजापूरला नर्स आहे. माझी बदली गावाकडं झाली, लग्न झालं, पत्रं आधी महिन्याला, मग दिवाळीला, मग नाहीच. काका गेल्याचं मला काकूंच्या पत्रातून दीड महिन्यानं कळलं. पत्र कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं आणि त्यात आजाराबद्दल एक ओळ होती, बाकी सगळं माझ्या मुलांविषयी विचारलेलं. मी ते हातात घेऊन बसले तेव्हा मला आठवला तो शनिवार, लाँचच्या पहिल्या फेरीचा.

सकाळी लाँच सुटायच्या वेळी काका काठावर उभे होते. हातात हापशाच्या सामानाची पिशवी होती. पलीकडच्या वस्तीचा हापसा पाणी अडल्यापासून बंद होता, तिकडं कुणी मेकॅनिक गेलाच नव्हता. चेअरमन म्हणाले की आज नुसती फेरी होऊ द्या, हापसा नंतर बघू. काका म्हणाले, "आजच." आणि लाँचमध्ये चढले. मागच्या फळीवर, पाण्याकडं पाठ, नळकांड्यावर नजर. पिशवी मांडीत घट्ट धरली होती. मध्यावर वारं होतं. हुसेनभाईंनी मुद्दाम बाभळींच्या लांबून लाँच नेली, डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. काकांनी एकदाही मान वर केली नाही. इंजिन बंद झालं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "आलं का?"

वस्तीवरच्या लोकांनी हार आणला होता. तो त्यांनी पिशवीत टाकला आणि हापसा कुठं आहे ते विचारलं. मी शाळेत गेले. शनिवार असला तरी बुडालेले तास भरून काढायला शाळा दिवसभर ठेवली होती. दिवसभर खिडकीतून मला त्यांचा उजवा कान पाईपाला लागलेला दिसत होता. चार वाजता मुली ओरडत आल्या की पाणी आलं. धरणाच्या काठावरच्या त्या वस्तीनं वर्षभर गढूळ पाणी गाळून प्यायलं होतं.

परतीला लाँचमध्ये नऊ माणसं आणि दुधाच्या किटल्या होत्या. या वेळी काका मागं बसले नाहीत. ते हुसेनभाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून. मध्यावर आल्यावर त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. हुसेनभाई हसले आणि बाजूला झाले.

"पकडो मिस्त्री. ढील देऊ नका."

काकांनी चाक धरलं. थोडं डावीकडं वळवलं. लाँचचं नाक डावीकडं गेलं. ते थांबले, मागं वळून सुकाणूकडं पाहिलं. मग उजवीकडं वळवलं, आणि नाक उजवीकडं आलं. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मान वर करून समोर पाहिलं. उन्हं कलली होती आणि पाणी पार पलीकडच्या टेकडीपर्यंत पसरलं होतं.

"ऐकतंय," ते म्हणाले.

मग त्यांनी चाक एका बाजूला वळवून तसंच धरून ठेवलं आणि लाँचनं धरणाच्या मध्यावर एक मोठा गोल फेरा घेतला. मग आणखी एक. दूध तापायला हवं होतं, घरी चुली पेटायच्या होत्या, पण लाँचमधल्या कुणीही उशीर होतोय असं म्हटलं नाही. बाभळीत माझी बांगडी पिचवणारी म्हातारी त्या दिवशीही होती. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि मला म्हणाली, "फिरू द्या त्यास्नी."